फेसात सोडा वापरण्यात आला

मार्च लागला की कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीचा आवाज उतरतो. एरवी संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर आपटणारा चेंडू गप्प होतो, सायकली दाराला टेकून उभ्या राहतात आणि खिडक्याखिडक्यांतून पाठांतराची गुणगुण यायला लागते. कळंब्याकडून येणारा वारा दुपारी कोरडा होतो, पायरीवर धूळ आणून टाकतो. गुऱ्हाळं बंद व्हायला आलेली असतात, तरी एखाद्या सकाळी गुळाचा शेवटचा जळकट-गोड वास नाकाला लागून जातो. पंचांगात नसलेला हा परीक्षेचा ऋतू. माझं सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत गेलं, त्यातली बरीच वर्षं मुख्याध्यापक म्हणून. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी हा ऋतू माझ्या अंगात ठरल्या वेळी भरतो, आणि भरला की मला लाज वाटायला लागते. कशाची, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा ती लाज एका प्लास्टिकच्या टबातून वर आली.

माझी नात रेवा चार वर्षांची आहे. तिच्या बालवर्गाच्या बाईंनी पालकांच्या फोनवर निरोप पाठवला, की या आठवड्यात मुलांना घरी साबणाचा फेस करून द्या, त्यात खेळू द्या आणि फोटो पाठवा. याला आता ‘सेन्सरी प्ले’ म्हणतात, असं आमच्या सूनबाईंनी, स्नेहलनं, मला समजावून सांगितलं. तिनं गॅलरीत टब ठेवला, त्यात लहान मुलांचा शाम्पू ओतला, थोडं पाणी घातलं आणि केकसाठी आणलेला बीटर फिरवला. दोन मिनिटांत टब भरून फेस वर आला. पांढराशुभ्र, घट्ट, टोकं उभी राहणारा. उन्हात त्याच्यावर कुठं निळं, कुठं जांभळं चमकत होतं, आणि कान जवळ नेला तर आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती.

“आजोबा, ढग!” रेवा कोपरापर्यंत हात बुडवून म्हणाली. “घाला की हात.”

मी हात घातला नाही. उठून स्वयंपाकघरात गेलो, मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद आणली आणि फेसाच्या एका कडेला टाकली.

“अण्णा, हे काय करताय?” स्नेहल हसली. “आमटी नव्हे ती.”

“बघतोय,” मी म्हटलं.

हळद पिवळीच राहिली. मी खाली बसलो. त्या हळदीकडंच बघत राहिलो. स्नेहलला वाटलं ऊन लागलं. तिनं पंखा लावला, सरबत केलं. तिला काय सांगणार? हळदीची ही खूण मला ज्यांनी शिकवली, त्यांची नोकरी मी घालवली होती.

त्यांचं नाव मालनबाई. आमच्या शाळेच्या बालवाडीच्या शिक्षिका. रोज कागलहून एस्टीनं यायच्या. सावळ्या, उंच, आवाज मोठा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि गावात त्याची कुजबुज होती, हेही इथं सांगावं लागेल, कारण पुढं ते कामी आलं. वाईट कामी.

आमची शाळा तेव्हा गावाच्या कडेला होती. पत्र्याच्या पाच खोल्या, त्यांना लागून बालवाडीची लांबट खोली आणि मागं शहाबादी फरशीचा व्हरांडा. बालवाडीची भिंत आणि चौथीची भिंत एकच. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे शाळेची अब्रू, असं मी मानायचो. फेब्रुवारी संपला की मी शाळेत शांततेचा कायदा लावायचो. टाचणी पडली तर ऐकू यावी, हे माझं आवडतं वाक्य. एका मार्चमध्ये मी मालनबाईंना ऑफिसात बोलावून म्हटलं, “बालवाडीतनं आवाज येता कामा नये.”

“चाळीस पोरं हायत, सर,” त्या म्हणाल्या. “भांडी असती तर कपाटात पालथी घालून ठेवली असती.”

“ते तुम्ही बघा.”

त्यांनी बघितलं. आठवड्याभरानं माझ्या लक्षात आलं, की पलीकडून खरंच आवाज येत नाही. मला संशय आला. पोरांना झोपवून ठेवलं की काय, म्हणून मी चपला हातात घेऊन मागच्या व्हरांड्यात गेलो. चार जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पराती मांडलेल्या. प्रत्येक परातीत फेसाचा डोंगर. भोवती पोरं उकिडवी बसलेली, बाह्या दंडापर्यंत सरकवलेल्या. कुणी फेस ओंजळीत घेऊन नुसतं बघत होतं, कुणी नाकावर लावला होता, कुणी दुसऱ्याच्या हातावर फेसाची बांगडी चढवत होतं. चाळीस पोरं आणि पाखराचा आवाज ऐकू येत होता.

“फेसाला आवाज नसतो, सर,” मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. “हात घातला की पोरगं आतनं गप होतंय. बघा.”

हा फेस कसा करायचा, तेही मी हळूहळू बघितलं. रोज काही ना काही निमित्त काढून मी मागं जायचो. घरोघरी अंगाचा साबण झिजून झिजून जी चिपटी उरते, ती पोरं काडेपेटीत घालून आणायची. शाळेच्या शिपाईण हौसामावशी त्या चिपट्या किसणीवर किसायच्या. कोमट पाण्यात तो कीस भिजला, की मालनबाई ताकाची रवी घेऊन बसायच्या. दोन तळव्यांत रवी गरगर फिरायची, बांगड्या मागं सरकायच्या. आधी पाण्याचा चळकचळक आवाज, मग तो जाड व्हायचा, मग एकदम बंद. रवीचा आवाज बंद झाला की फेस झाला. आणि वास! चंदनाचा, गुलाबाचा, कडुनिंबाचा, कुणाच्या घरच्या लाल औषधी साबणाचा. चाळीस न्हाण्यांचा वास एका व्हरांड्यात. आजही कुठल्या लग्नघरात सकाळी बाथरूमबाहेर रांग लागली असली, की तसा वास येतो आणि मी तिथून लांब जाऊन उभा राहतो.

त्या पोरांत दीपा नावाची एक होती. तिची आई कळंब्याजवळ म्हशी राखायची. सायकलला दुधाचे कॅन अडकवून दूध घालता घालता दीपाला शाळेत सोडायची. शाळेचं वर्ष सरत आलं तरी दीपानं आईचा पदर सोडला नव्हता. फेसाच्या परातीपाशी ती आली आणि तिनं दोन्ही हातांनी फेस असा खाली ओढला, असा ओढला, की मालनबाई खदखदून हसल्या. “सर, बघा की, धार काढायलीया!” दीपा मान वर न करता म्हणाली, “हलू नको गं म्हशी.” ते तिचं शाळेतलं पहिलं वाक्य.

आणखी एक दिवस आठवतो, तो न आठवता तर बरं झालं असतं. चिपट्या कमी पडल्या म्हणून हौसामावशींनी धुण्याचा सोडा मूठभर आणला होता. मालनबाईंनी तो हातातनं काढून घेतला. एका ताटलीत अंगाच्या साबणाचा फेस ठेवला, दुसरीत सोड्याचं पाणी, आणि दोन्हींत हळद टाकली. फेसातली हळद थोडी केशरी झाली. सोड्यातली बघता बघता लालभडक.

“अशी लाल झाली की समजायचं, ह्यात पोरांचा हात घालायचा न्हाय,” त्या म्हणाल्या. “मावशी, पोरांचं कातडं दुधावरच्या सायीगत असतंय.”

मावशींनी कानाला हात लावला. मी दारात उभा होतो. मी ते ऐकलं, बघितलं. म्हणजे मला माहीत होतं. पुढची इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला कुठं एवढं कळत होतं. मला कळत होतं.

रंगपंचमीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. संस्थेची मंडळी शिष्यवृत्तीचा वर्ग बघायला येणार होती, बरोबर एक फोटो काढणारेही होते. मी आधीच बढाई मारून ठेवली होती, की आमच्या बालवाडीत एक नवा उपक्रम चालतो, कोल्हापुरात कुठं नाही असा. ‘आमच्या’ म्हणालो. मालनबाईंचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं नाही, म्हणून बोअरचं घेतलं. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस धरत नाही. मालनबाई आत पोरांच्या बाह्या सरकवत होत्या आणि मागं मावशी रवी फिरवून घामाघूम झाल्या होत्या. परातीत नुसतं गढूळ पाणी आणि वर चार बुडबुडे. फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज आला.

“सोडा घाला,” मी म्हटलं.

मावशींनी रवी थांबवली. “बाई नको म्हणत्यात, सर.”

“मी सांगतोय नव्हे? चांगला दोन मुठी घाला.”

त्यांनी घातला. फेस उसळून परातीबाहेर आला. मी पाहुण्यांना सामोरा गेलो. इतकं सोपं होतं ते.

पोरं परातीभोवती बसली, हात घातले. मंडळी कौतुकानं वाकून बघत होती. मालनबाईंनी नेहमीच्या सवयीनं, पोरांना गंमत म्हणून, चिमटीतली हळद फेसावर सोडली. पांढऱ्या डोंगरावर लाल ओघळ धावले. कुंकवाहून लाल. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. “वा! रंगपंचमी दोन दिवस आधीच आणलीत की, सर!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

त्या टाळ्यांत मालनबाईंचा आवाज फुटला. “हात काढा! सगळ्यांनी हात वर!”

पोरांना तो खेळ वाटला. चाळीस पोरांनी हसत फेसानं भरलेले हात वर केले. दीपाच्या कपाळावरून फेस खाली ओघळला, तिनं त्याच हातानं डोळा चोळला. मग ती किंचाळली. शांततेचा माझा कायदा तिथं संपला.

कुणी पाणी ओततंय, कुणी पोर उचलतंय. त्या धांदलीत मालनबाईंनी विचारलं, “मावशी, ह्यात काय पडलंय?” मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी वर पत्र्याकडं बघितलं. पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ऊन येत होतं. ते भोक मी अजून चित्र काढून दाखवू शकेन.

पाच-सहा पोरांचे हात सुजले, चार दिवसांत उतरले. दीपाच्या डोळ्यावर दहा दिवस पट्टी होती. डोळा वाचला, पण त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला.

दुसऱ्या दिवशी दीपाची आई शाळेत आली. दुधाचे कॅन तसेच सायकलला. मालनबाईंना तिनं व्हरांड्यात गाठलं. मी ऑफिसात होतो, दार ओढून घेतलेलं, पण पातळ दारातून सगळं ऐकू येत होतं. ती खूप बोलली. शेवटी म्हणाली, “सवताला पोर न्हाय, तिला दुसऱ्याच्या पोराची काय किंमत!”

मालनबाईंनी उत्तर दिलं नाही. मी दार उघडलं नाही. माझ्या हातात लेखणी होती आणि समोर शाळेचं शेरेबुक.

मी चौथीला व्याकरण शिकवायचो. वाक्यातलं क्रियापद धरायचं आणि त्याला विचारायचं, ही क्रिया करणारा कोण? सापडला की तो कर्ता. पोरं फळ्यापाशी येऊन कर्त्याखाली रेघ मारायची. त्या दिवशी मी शेरेबुकात लिहिलं: ‘फेसात धुण्याचा सोडा वापरण्यात आला. सदर उपक्रम बालवाडी शिक्षिकेच्या देखरेखीखाली चालू होता.’ दोन वाक्यं. दोन्ही खरी. कुठल्याही कोर्टात टिकतील. ‘वापरण्यात आला’ ही आपल्या सरकारी मराठीची सोय आहे. तिच्यात कर्त्याला पाय न वाजवता निघून जाता येतं. आणि पहिल्या वाक्यातून निघून गेलेला माणूस दुसऱ्या वाक्यात वाचणाऱ्याला आपोआप सापडतो, फक्त तो भलताच असतो. मला हे लिहिताना ठाऊक होतं. वाक्य जमल्याचं बारीक समाधानसुद्धा झालं होतं. लाज कशाची वाटते विचाराल, तर सोड्यापेक्षा त्या समाधानाची.

संस्थेनं त्या दोन ओळींवर मालनबाईंना कमी केलं. त्या दिवशी खांद्याला पर्स लावून त्या माझ्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. बसा म्हणायचं मला सुचलं नाही.

“सर, तुमी सांगा की त्यास्नी.”

“बघू,” मी म्हटलं.

त्या थोडा वेळ थांबल्या. मी बघतो का, ते बघत असाव्यात. मग गेल्या. मावशींना मी आधीच सांगून ठेवलं होतं, “तुम्ही कुठं बोलू नका, मावशी. तुमची नोकरी मी सांभाळतो.” आणि ती मी इमानदारीनं सांभाळली.

मला कुणी काढून टाकलं नसतं. मुख्याध्यापकाला कोण काढतो? फार तर अध्यक्षांनी दोन शब्द सुनावले असते, फार तर दीपाच्या आईनं मला बोल लावले असते. तेवढं टाळायला मी एका बाईची भाकरी आणि नाव दोन्ही दिलं. पुढं मला ‘शिस्तप्रिय मुख्याध्यापक’ म्हणून शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. मार्च येत राहिले. मावशी निवृत्त झाल्या, सहा वर्षांपूर्वी वारल्या. मी त्यांच्या मातीला गेलो, खांदाही दिला. कागलवरून जाणारा हायवे मी शेकडो वेळा तुडवला असेल. कागलच्या फाट्याला प्रत्येक वेळी मी पेपर उघडायचो.

रेवाच्या टबातली हळद पिवळी राहिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. म्हटलं, शेरेबुकातलं ते वाक्य तरी दुरुस्त करावं, खाली सही करावी. नव्या मुख्याध्यापिका माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “सर, जुनी बुकं पत्रे बदलताना भिजली. लगदा झाला होता. टाकून दिली,” त्या म्हणाल्या. “काही महत्त्वाचं होतं का?”

लिहिलेलं नाहीसं झालं होतं आणि केलेलं तसंच होतं. तिथून मी सरळ स्टँडवर गेलो आणि कागलची एस्टी पकडली.

मालनबाईंचं घर शोधायला त्रास झाला नाही. ब्लाउज शिवणाऱ्या मालनताई म्हटल्यावर एका पोरीनं दारापर्यंत आणून सोडलं. त्या मशीनवर होत्या. केस पांढरे, डोळ्याला चष्मा, पाठ तशीच ताठ. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, “या, सर. बसा की.”

मी उभाच राहिलो. पाठ करून आलेलं बोललो. सोडा मी घालायला सांगितला होता, बुकात मी तसं लिहिलं, माझं चुकलं.

त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. “मला काय नवीन सांगायलायसा? मावशीनं तुमच्याकडं बघितलं आणि तुमी आढ्याकडं बघितलासा. मला तवाच कळलं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“मी सांगा म्हटलं न्हवं? तुमी बघू म्हटलासा.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “माफी मागायला आलायसा, का हलकं व्हायला?”

मी मशीनच्या चाकाकडं बघितलं.

“हलकं व्हायला आला असला तर च्या घ्या आणि जावा. मला कळून काय उपयोग? मला ठावंच हाय. ज्येंनी मला वळखून तोंड फिरवलं, त्येंना सांगा. त्या दीपाच्या आईला सांगा. मागल्या साली एका लग्नात भेटली. पंगतीत माझ्या शेजारचं पान होतं तिचं. उठून दुसऱ्या वळीत जाऊन बसली. सगळ्या बायका बघत होत्या.” त्यांनी कापड पुन्हा सुईखाली सरकवलं. “इतकी वर्सं झाली, सर. भात गिळंना मला.”

त्यांनी चहा केला. मी प्यालो. कप खाली ठेवून निघालो. मशीन चालू होतं.

दीपाची आई अजून तिथंच, कळंब्याजवळ राहते. आता भोवती बंगले झालेत, पण गोठा आहे आणि संध्याकाळी गिऱ्हाईकं किटल्या घेऊन उभी राहतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. ती शेण भरत होती. मला ओळखून तिनं पदरानं हात पुसले. “अगोबाई, सर! या की. दीपा कबनूरला दिलीया, ठावं हाय न्हवं? दोन पोरं हायत. बरं चाललंय.”

“डोळा?” मी विचारलं.

“चष्मा हाय. चालतंय.” तिचा चेहरा कडक झाला. “त्या बाईची करणी.”

मग मी सांगितलं. म्हशी रवंथ करत होत्या, माशा उठत होत्या, आणि मी गोठ्याच्या दारात उभा राहून सांगत होतो. माझं संपल्यावर ती एका पालथ्या पाटीवर टेकली.

“मी त्या दिवशी काय बोलले, ते तुमी ऐकलासा?”

“ऐकलं.”

“आत होतासा?”

“होतो.”

“आणि गप बसलासा.”

मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण ती उठली, हौदावर जाऊन हातपाय धुतले, लेकाला हाक मारून म्हशी बघायला सांगितल्या, आणि घरातून लुगडं बदलून, चपला घालून बाहेर आली.

“चला.”

“कुठं?”

“कागलला. आणि कुठं?”

एस्टीत ती बायकांच्या सीटवर बसली, मी मागं. कंडक्टर आला. आम्ही एकाच थांब्यावर चढलो होतो, म्हणून त्यानं तिला विचारलं, “दोन कागल?”

“येगयेगळी द्या,” ती म्हणाली. “त्येंचं त्येंनी घ्यायचं, माझं मी.”

मालनबाईंच्या दारात ती चपला काढून आत गेली. मला कुणी आत बोलावलं नाही. मी बाहेर रस्त्यावर थांबलो. ते योग्यच होतं. आत मशीन बंद पडलं. मग दीपाच्या आईचा आवाज आला, एवढंच कळलं. शब्द कळले नाहीत, आणि कळून घ्यायला मी पुढं सरकलो नाही. दुसऱ्याच्या दाराआडून ऐकायचा हक्क माझा केव्हाच गेला आहे. ऊन चढलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “पावणं, कुणाकडं?” मी म्हटलं, “आलोय इथंच.”

बऱ्याच वेळानं मालनबाई दारात आल्या. डोळे लाल होते, आवाज नेहमीचा.

“अजून हायसा व्हय, सर? आता एक करा. लिवा. तवा लिवूनच घालवलासा मला, आता लिवूनच सांगा. आणि माझं असू दे, मावशीचं आधी निस्तरा. दर मार्चला यायची माझ्याकडं. ‘बाई, माझ्या हातनं पाप झालं’ म्हणून रडायची. मी म्हणायची, मावशी, सांग, कुणी सांगितलंतं तुला? एकदा न्हाय बोलली. तुमचं नाव न घेता मेली ती.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांची नोकरी सांभाळत होतो, आणि त्या मला सांभाळत होत्या.

तर लिहितो. हौसामावशींनी त्या दिवशी सोडा घालायला एकदा नकार दिला होता. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं तसं केलं. सांगितलं मी.